छातीला मार लागून ॲडमिट झालेल्या माणसाची विडी-सिगरेटची तलफ कशी सांभाळायची

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी आमचे काका शाकारणी करताना छपरावरून पडले. गोव्यात डिचोली तालुक्यातलं आमचं जुनं नळ्यांचं म्हणजे कौलांचं घर, पाऊस दारात येऊन थांबलेला, नळे परतायला गडी मिळत नव्हते, म्हणून स्वतःच शिडी लावून चढले आणि पाय सरकून डाव्या कुशीवर थेट सोप्याच्या पायरीवर आले. चार बरगड्या मोडल्या, आत रक्त आणि हवा दोन्ही जमलं, छातीत नळी घालावी लागली. वय 58. विडी विशीपासून, दिवसाला एक बंडल, कधी त्याहून जास्त.

हॉस्पिटलात रात्रीचा त्यांच्याजवळ मीच असायचो. तेव्हा मला वाटायचं की मोडलीय बरगडी, त्यात विडीचा काय संबंध, ती सोडायचं ते घरी गेल्यावर बघू, आता बिचाऱ्यांना कशाला अजून त्रास. इथेच चुकतं. बऱ्याच घरच्यांचं इथेच चुकतं म्हणून हे लिहितोय. छातीला मार लागलेल्या माणसाचे पहिले तीन-चार दिवस असतात ना, त्याच दिवसांत फुफ्फुसात कफ साचत जातो, न्यूमोनियाचा धोका वाढत जातो, आणि नेमकी त्याच दिवसांत तलफ पण सगळ्यात जोरात असते. दोन्ही एकदम अंगावर येतात. तलफेला ओरडून गप्प करता येत नाही, आणि लपवून एखादी ओढायला देऊन तर अजिबात गप्प करू नये. दुखलं की आपण सिस्टरकडे औषध मागतो ना, तसंच तलफेला पण औषध मागायचं. एवढं मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मी डॉक्टर नाही. जे विचारून विचारून कळलं आणि जे डोळ्यांनी बघितलं ते सांगतोय, गोळ्यांचे डोस वगैरे तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

आत नेमकं काय होतं

बरगडी मोडली की श्वास घेताना, खोकताना, शिंकताना, कूस बदलताना ती हलते आणि जीव कासावीस होतो. म्हणून माणूस नकळत वरच्यावर छोटे छोटे श्वास घेतो आणि खोकला दाबून ठेवतो. मग फुफ्फुसाचा खालचा भाग फुगतच नाही, तो चिकटून बसतो, तिथे कफ साचतो आणि जंतूंना आयती जागा मिळते. हे कधीच न ओढणाऱ्यालाही होतं. पण ओढणाऱ्याचं वेगळं आहे. आपल्या श्वासनळ्यांना आतून बारीक लव असते, ती सारखी हलून कफ वर ढकलत असते, झाडूच समजा. धुराने ती लव मंदावते आणि कफ तयार करणाऱ्या ग्रंथी मात्र सुजून जास्त कफ सोडायला लागतात. म्हणजे कचरा जास्त आणि झाडू मोडका. एरवी असा माणूस सकाळी उठून जोरजोरात खोकून सगळं बाहेर काढतो, आमच्या काकांचा सकाळचा खोकला शेजाऱ्यांच्या घरात ऐकू यायचा, त्याच्यावरच त्याचं चाललेलं असतं, आणि बरगड्या मोडल्यावर नेमका तोच खोकला बंद पडतो.

दुसरं म्हणजे धुरातला कार्बन मोनॉक्साईड. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा ह्या वायूला 200 पटींहून जास्त घट्ट धरतं, त्यामुळे ऑक्सिजनची जागाच अडते. आणि यात एक फसवणूक आहे जी मला माहीतच नव्हती. बोटाला जो क्लिपसारखा ऑक्सिमीटर लावतात त्याला हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन बसलाय की हा वायू, ते ओळखता येत नाही. म्हणजे माणूस खाली जाऊन ओढून आला तरी मशीन 97-98 दाखवू शकतं आणि आपण म्हणतो बघा, ऑक्सिजन चांगला आहे की. चांगली बाजू अशी की हा वायू साध्या हवेत साधारण 4 ते 5 तासांत निम्मा होतो आणि एका दिवसात जवळपास निघून जातो, ऑक्सिजन लावलेला असेल तर त्याहून लवकर. म्हणून तीस वर्षं ओढलीय, आता दोन दिवस बंद करून काय फरक पडणार, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. पहिल्या दिवसापासून फरक पडतो.

निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात, नाडी वाढते, हाड आणि जखम भरून यायला जे रक्त पोचायला हवं ते कमी पडतं. बरगड्या साधारण 6 आठवड्यांत सांधतात, ओढणाऱ्याला वेळ जास्त लागू शकतो. आणि वर्षानुवर्षं ओढून ज्यांच्या फुफ्फुसातले हवेचे बारीक फुगे ढिले झालेत त्यांच्यात हवेची गळती लवकर बंद होत नाही, मग छातीतली नळी पण जास्त दिवस ठेवावी लागू शकते.

आमच्याकडे गावातून भेटायला आलेल्या दोघा-तिघांनी सांगितलं की अचानक सोडू नको, अचानक सोडलं की छातीत कफ भरतो. मी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. ते म्हणाले, सोडल्यावर काही दिवस खोकला आणि कफ वाढल्यासारखा वाटतो कारण ती लव पुन्हा कामाला लागते, तो कफ बाहेर येतोय हे चांगलंच आहे, ह्या भीतीने कुणी ओढत राहू नये.

ॲडमिट करताना खरं सांगा, आणि आकड्यात सांगा

"थोडीशी ओढतात" असं सांगू नका. दिवसाला किती, किती वर्षं, विडी की सिगरेट, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते, शेवटची कधी ओढली. ही पहिली किती वेळात लागते ती गोष्ट फार महत्त्वाची, उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर तलफ जबरदस्त असणार आणि औषध पण त्या ताकदीचं लागतं. काकांची तर अंथरुणातच पेटायची. विडी म्हणजे हलकी असं आपल्याकडे मानतात, तसं नाहीये, विडीतून सिगरेटपेक्षा निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साईड जास्तच जातं. ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना पण हे वेगळं सांगा.

आणि दारू. हे सांगायला आपण लाजतो पण सांगाच. रोज घेणाऱ्या माणसाची दारू ॲडमिट झाल्यावर एकदम बंद होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणं, घाम, नसलेली माणसं दिसणं असं सुरू होऊ शकतं, ते जिवावर बेतू शकतं आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत.

बाजूच्या बेडवर एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता, बाईक घसरून छाती हँडलवर आपटलेली. आई-वडील चोवीस तास उशाशी. डॉक्टरांनी विचारलं सिगरेट ओढतोस का, तर मान हलवून नाही म्हणाला, आणि रात्री आई जेवायला गेल्यावर मला हळूच विचारतो, दादा, तुमच्या काकांना ती निकोटिनची गम कुठून आणली. घरी माहीत नव्हतं. तर तुमच्या घरातला तरुण मुलगा किंवा मुलगी असेल तर राऊंडच्या वेळी दोन मिनिटं बाहेर थांबा आणि डॉक्टरांना एकट्याने विचारू द्या. सासऱ्यांसमोर जावई खरं सांगणार नाही, आणि ओढणारी बाई तर कुणासमोरच सांगणार नाही.

बेचैनी दिसली की तलफच असेल असं धरून चालू नका

शेवटच्या विडीनंतर काही तासांतच चुळबुळ सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती टोकाला जाते, मग दोन ते चार आठवड्यांत हळूहळू उतरते. चिडचिड, झोप नाही, लक्ष लागत नाही, सारखं उठून बसायचं. काका तिसऱ्या रात्री बेडच्या कडेला पाय सोडून बसले होते, अंगठा आणि दोन बोटं सारखी एकमेकांवर फिरवत होते, हातात काही नसताना, विडी पेटवण्याआधी ती जशी फिरवून सैल करतात तशी. मध्येच हात शर्टाच्या खिशाकडे जायचा आणि तिथे हॉस्पिटलचा गाऊन, खिसाच नाही.

पण हीच बेचैनी ऑक्सिजन कमी पडला तरी येते, डोक्याला मार असेल तरी येते, दारू तुटल्याने येते. घरच्यांनी आपल्या मनाने "त्यांना विडी हवीय म्हणून करतायत" असं म्हणून सोडून देऊ नये. श्वास जोरात चाललाय, ओठ निळसर दिसतायत, बोलणं असंबद्ध होतंय, जास्तच झोपाळू वाटतायत, यातलं काहीही दिसलं की सिस्टरना उठवा, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी.

तलफेचं औषध कसं वापरायचं

डॉक्टरांनी हो म्हटलं की मुख्य दोन गोष्टी, निकोटिनची गम आणि पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची पट्टी. यात निकोटिन असतं पण धूर नाही, कार्बन मोनॉक्साईड नाही. तरी निकोटिन आहेच, म्हणून हार्टचा किंवा दुसरा काही त्रास असेल तर तो सांगून, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरायचं.

गम 2 मिग्रॅ आणि 4 मिग्रॅ अशी मिळते. जास्त ओढणाऱ्याला, सकाळी अर्ध्या तासात पहिली लागणाऱ्याला 4 ची देतात. आता ही गम साध्या च्युइंगमसारखी चघळायची नाही, इथे सगळे चुकतात, आम्ही पण चुकलो. हळूहळू दहा-पंधरा वेळा चावायची, जिभेला मिरीसारखं चुरचुरलं की थांबायचं आणि गालाच्या आत हिरडीला लावून ठेवायची. चुरचुर गेली की पुन्हा थोडी चावायची, पुन्हा दुसऱ्या बाजूला ठेवायची. एक गम अर्धा तास. भराभर चघळली की निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, तलफ तशीच राहते, वर पोटात जळजळ आणि उचकी. मोडलेल्या बरगड्यांवर उचकी म्हणजे काय ते ज्याने बघितलंय त्यालाच कळेल, काकांना वीस मिनिटं लागली होती, प्रत्येक उचकीला डोळ्यांत पाणी. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत काही नको, नाहीतर तोंडातून निकोटिन नीट शोषलं जात नाही. दातांची कवळी असेल तर गम चिकटते, त्यांना तोंडात विरघळणाऱ्या निकोटिनच्या गोळीबद्दल विचारा.

तोंडाने काही द्यायचं नाही असं सांगितलं असेल तर पॅच सोपा. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याला साधारण 21 मिग्रॅपासून सुरू करून मग 14, मग 7 असा आठवड्यांनी उतरवत नेतात. कोरड्या, केस नसलेल्या जागी, दंडावर वगैरे लावायचा, मार लागलेल्या बाजूला किंवा ड्रेसिंगजवळ नाही, रोज जागा बदलायची. रात्री विचित्र स्वप्नं पडून झोप मोडत असेल तर झोपताना काढला तर चालतो का ते विचारा. आणि एमआरआयला नेणार असतील तर आधी सांगून काढा, काही पॅचमध्ये धातूचा थर असतो, त्वचा भाजू शकते.

गोळ्या पण आहेत, पण एक लक्षात ठेवा, अपघातात छातीबरोबर डोक्यालाही मार असेल किंवा पूर्वी फिट आलेली असेल तर ब्युप्रोपिऑन नावाची गोळी चालत नाही, त्याने फिट यायची शक्यता वाढते. बाहेरून कुणीतरी सुचवली म्हणून आणून देऊ नका.

चहाचं पण सांगतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. धुरामुळे शरीर कॅफिन भराभर संपवत असतं. ओढणं थांबलं की तोच चहा अंगात जास्त वेळ राहतो, म्हणजे नेहमीचे पाच कप घेतले तर धडधड, थरथर, झोप नाही, आणि आपण म्हणतो विडी सोडल्यामुळे होतंय. चहा निम्मा करा. तसंच काही औषधांचा डोस पण ओढणं थांबल्यावर बदलावा लागतो, मानसिक आजाराची काही आणि दम्याची थिओफिलिन वगैरे, ती चालू असतील तर डॉक्टरांना आठवण करा.

बॉलचं मशीन, उशी आणि पेनकिलर

तीन बॉलचं ते प्लास्टिकचं मशीन देतात ना, आम्हाला पण दिलं, आणि पहिला अख्खा दिवस काका त्यात फुंकत होते. बॉल हलेनात. मी पण म्हणत होतो, जोरात फुंका की जरा. संध्याकाळी फिजिओ मॅडम आल्या आणि त्यांनी सांगितलं की फुंकायचं नाही, ओढायचं. आधी श्वास पूर्ण सोडून द्यायचा, मग नळी ओठांत घट्ट धरून हळू आणि खोल आत ओढायचं, बॉल वर गेला की तीन-चार सेकंद तिथेच धरून ठेवायचा प्रयत्न करायचा, मग सोडायचं. जागं असताना दर तासाला दहा वेळा, मध्ये थोडं थांबून, गरगरलं तर थांबायचं. मशीनवर 600, 900, 1200 असे आकडे असतात, काकांचा पहिल्या दिवशी 600 चा बॉल अर्ध्यावर जाऊन थरथरून खाली यायचा, आणि घरी सोडलं त्या दिवशी दुसरा वर जाऊन थांबत होता. तिन्ही एकदम झटक्यात उडवायची शर्यत नाही ती, हळू आणि खोल हेच काम.

मग मला एक सुचलं आणि ते खरंच कामाला आलं. तलफेची लाट आली की ती चार-पाच मिनिटांत ओसरते, मी मोबाईलवर वेळ लावून बघितलंय. तर तलफ आली की बॉल. काकांना सांगितलं, विडीची आठवण आली की मशीन हातात घ्या, तोंडात काहीतरी धरायचं आणि ओढायचं हीच सवय आहे ना, तर हे ओढा. दहा श्वास होईपर्यंत लाट गेलेली असायची, वरून एक घोट पाणी. दर तासाला आठवण करायची गरजच राहिली नाही, तलफच आठवण करून द्यायची.

खोकताना एक उशी किंवा घडी घातलेला जाड टॉवेल मोडलेल्या जागेवर दोन्ही हातांनी दाबून धरायचा आणि मग खोकायचं. पूर्ण खोकता येत नसेल तर चष्म्याची काच पुसायच्या आधी तोंडाने "हाऽ" करून वाफ सोडतो तसं दोन-तीनदा जोरात सोडायचं, कफ वर सरकतो. कफाचा रंग बघत जा आणि सांगत जा. छातीला घट्ट पट्टा किंवा लुगडं गुंडाळायचं मात्र नाही, आमच्या आजीने तेच सुचवलं होतं, पूर्वी बांधायचे, पण त्याने छाती फुगतच नाही आणि खालचा भाग अजून चिकटतो.

आणि पेनकिलर. "जास्त गोळ्या नको" म्हणून दुखणं सहन करत पडून राहणं हे छातीच्या मारात सगळ्यात वाईट, कारण दुखतंय तोवर माणूस खोल श्वास घेणारच नाही. व्यायामाच्या अर्धा तास आधी औषध मिळेल असं सिस्टरशी बोलून ठेवा. तरी पुरत नसेल तर तसं सांगा, नसेला बधिर करणारं इंजेक्शन किंवा पाठीतून देतात ते, असे दुसरे मार्ग असतात. काही पेनकिलरने पोट साफ होत नाही आणि कुंथलं की बरगडी दुखते, म्हणून पाणी, फळं, सकाळची पातळ पेज चालू ठेवा. दिवसा आडवं पडून न राहता डोकं-पाठ वर करून बसवा, डॉक्टरांनी परवानगी दिली की चालवा.

नळी, बाटली आणि जिना

चौथ्या दिवशी पहाटे पाचला माझा डोळा लागला होता, उठून बघतो तर बेड रिकामा. खाली जिन्याच्या वळणावर सापडले. आदल्या संध्याकाळी भेटायला आलेल्या त्यांच्या एका मित्राने दोन विड्या आणि काडेपेटी उशीखाली ठेवली होती, प्रेमानेच ठेवली असणार. एका हातात विडी, दुसऱ्या हातात छातीच्या नळीची बाटली, आणि ती बाटली त्यांनी छातीच्या उंचीवर धरलेली, आतलं लालसर पाणी श्वासाबरोबर वर-खाली होतंय. मी धावलो आणि आधी बाटलीचा हात खाली केला. ही बाटली कायम छातीच्या खाली असायला हवी, वर गेली की त्यातलं पाणी उलटं छातीत जाऊ शकतं. झोपताना खाली, चालताना गुडघ्याच्या पातळीवर, नळीला पीळ किंवा दुमड नाही, आणि आपल्या मनाने चिमटा लावून बंद करायची नाही, नाहीतर आतली हवा कोंडून फुफ्फुस दाबलं जाऊ शकतं. नळी कुठूनही निसटली की लगेच सिस्टर.

त्या विडीनंतर त्यांना जो खोकला लागला तो उशीशिवाय, जिन्यावर, कठडा धरून. दुसऱ्या दिवशी ताप 101, एक्सरेत डावीकडे खाली पांढरं दिसलं, न्यूमोनिया. त्या एका विडीने झाला असं मी म्हणणार नाही, कफ आधीपासून साचत होता, आम्ही पहिला दिवस उलटं मशीन वापरण्यात घालवला, गम तोवर मागितलीच नव्हती, पेनकिलरला मीच नको म्हणायचो. गम सुरू झाली ती ह्या प्रकारानंतर. त्या पहाटे डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, तलफ इतकी होती तर तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही? ते अजून माझ्या डोक्यात आहे.

आणि आग. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही पण आजूबाजूचं सगळं भडकवतो, चादर, गाऊन, केस, आणि ऑक्सिजन काढल्यावरही काही वेळ कपड्यांत भरून राहतो. मास्क बाजूला काढून एक झुरका, हे कधीच नाही.

भेटायला येणाऱ्यांना दारातच सांगा, लाजू नका. खिशातलं पाकीट बाहेर ठेवा, आत्ताच ओढून आला असाल तर थोड्या वेळाने या, कपड्यांच्या नुसत्या वासाने पण पेशंटची तलफ उसळते. कुणाला वाईट वाटलं तर कायदा सांगा, सार्वजनिक जागी ओढायला देशभर 2 ऑक्टोबर 2008 पासून बंदी आहे, आणि आपल्या गोव्याने तर त्याच्याही आधी 1997 मध्ये स्वतःचा कायदा केलाय. तरुण पोरं वेप आणून देतात, ते पण नको, ई-सिगरेटवर 2019 पासून देशात बंदी आहे आणि सुजलेल्या श्वासनळ्यांना ती वाफही झोंबतेच.

घरी आल्यावर

आम्ही घरी आलो तेव्हा मृग लागून गेलेला, बाहेर धो धो पाऊस आणि घरात सगळं धुराचं. न्हाणीतल्या चुलीवर ओली लाकडं, देवघरात अगरबत्ती, संध्याकाळी डासांची कॉईल. विडी नसली तरी धूर तो धूरच. काकूने दोन महिने काकांचं आंघोळीचं पाणी गॅसवर तापवलं, कॉईलऐवजी मच्छरदाणी लावली. घरी ऑक्सिजनचं मशीन दिलं असेल तर समई, निरांजन, गॅस, सगळ्यापासून ते लांब ठेवा.

लपवलेला साठा शोधायचा. आमच्याकडे एक बंडल रेनकोटच्या खिशात, एक स्कूटरच्या डिकीत आणि एक माळ्यावर नारळाच्या ढिगामागे निघालं. शोधताना माणसाला सोबत घ्या आणि त्याच्याच हातून टाकून घ्या, चोर पकडल्यासारखं करू नका. विडी कधी लागायची त्या जागा बदला. काकांना सकाळच्या चहाबरोबर आणि शौचाला जाताना लागायची, चहा स्वयंपाकघरात काकूजवळ बसून घ्यायला लागले, आणि उठल्याबरोबर पहिली गम.

मदतीला राष्ट्रीय तंबाखू क्विटलाईन आहे, 1800-11-2356, फुकट, हाच नंबर आता सिगरेटच्या पाकिटावरही छापलेला असतो. फोन पेशंटने स्वतः करायचा, आपण नंबर लावून हातात द्यायचा. चवथीला सगळे भाऊबंद जमले तेव्हा काकांनी दोन ओढल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला सांगितलं, मान खाली घालून. मी काही बोललो नाही, नंबर लावून दिला, आणि ते पंधरा मिनिटं आत खोलीत बोलत होते. एखादी ओढली म्हणून सगळं वाया गेलं असं नसतं, गम बंद करायची नाही, त्याच दिवसापासून पुढे चालू.

बॉलचं मशीन घरी पण दोन-तीन आठवडे चालू ठेवा. जड उचलणं, बाईक, झाडावर चढणं, डॉक्टर सांगेपर्यंत नको. छातीत हवा झाली असेल तर विमानप्रवासाचं आधी विचारा, आपल्याकडे बोटीवर आणि गल्फमध्ये जाणारे बरेच, कंपनीने तारीख दिली म्हणून निघू नका, एक्सरेत फुफ्फुस पूर्ण फुगलेलं दिसून मध्ये पुरेसे दिवस जावे लागतात.

ताप आला, कफ हिरवा किंवा रक्ताचा झाला, दम आधीपेक्षा जास्त लागतोय, नळी काढल्याच्या जागेतून पू किंवा हवा येतेय, तर वाट बघू नका. आणि अचानक एका बाजूला कळ येऊन श्वासच घेता येईना झालं तर गाडी शोधत बसू नका, थेट 108. म्हापशाचं आझिलो, मडगावचं हॉस्पिसियो, बांबोळीचं गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, जवळ काय आणि कुठे न्यायचं ते ॲम्ब्युलन्सवाले बघतील, तुम्ही आधीचे एक्सरे आणि डिस्चार्जचा कागद तेवढा हातात घ्या.

फॉलोअपला जाताना गम किंवा पॅच किती राहिलेत ते मोजून न्या, मधे किती ओढल्या तोही आकडा खरा सांगा, त्यावरूनच पुढचा डोस ठरतो. काकांची गम साधारण तीन महिन्यांनी हळूहळू बंद झाली. ह्या वर्षी नळे आम्ही एप्रिलमध्येच गडी सांगून परतून घेतले, काका सोप्यावर खुर्ची टाकून बसले होते, कुठला नळा फुटका आहे ते बोटाने दाखवत.